कागदावर नसलेली विहीर

प्रा. प्रल्हाद झांबरे सरांची आणि माझी पहिली भेट वर्गात झाली नाही. ती आमच्या वस्तीच्या विहिरीवर झाली. सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या अध्यापनावर आणि संशोधनावर अधिकाराने लिहिणारी मंडळी पुष्कळ आहेत. मला मात्र त्या विहिरीपासूनच सुरुवात केली पाहिजे, कारण सरांचे पुढचे सगळे काम तिथूनच निघाले. हे सांगू का, असे मी सरांना आधी विचारून घेतले. "सांग. काही वगळू नकोस," एवढेच ते म्हणाले.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरचा उन्हाळा होता. फैजपूरच्या महाविद्यालयातले पहिले वर्ष आटोपून मी घरी आले होते. आमचे गाव तिथून जवळच. चारी बाजूंना केळीच्या बागा, गावाच्या कडेला आम्हा बौद्धांची वस्ती आणि वस्तीच्या टोकाशी आमची विहीर. भर दुपारी एक गृहस्थ त्या विहिरीच्या काठावर ओणवे होऊन दोरीला बांधलेला दगड आत सोडताना दिसले. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर ओला रुमाल, चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आलेला. दगड तळाला आपटल्याचा बद्द आवाज आला. त्यांनी दोरी वर ओढली आणि पुन्हा सोडली, जणू दुसऱ्या खेपेला तरी पाणी लागेल. माझ्या मायने त्यांना ओळखले. गावातले मोठे बागायतदार एकनाथ झांबरे, ज्यांना सगळे नाना म्हणत आणि ज्यांच्या बागेत माझे बाबा कामाला होते, त्यांचे हे धाकटे भाऊ. जळगावला कॉलेजात गणित शिकवतात, एवढे आम्हांला ठाऊक होते.

माय जवळ गेली आणि काय पाहता म्हणून तिने विचारले. सर सरळ उभे राहिले, चष्मा सारखा केला.

"ही विहीर माझ्या कागदावर नव्हती, बाई," ते म्हणाले.

"कागदावर नव्हती," माय म्हणाली, "पन गावात तं व्हती ना."

मायने त्यांना सावलीत बसवले आणि पाण्याचा तांब्या दिला. ते पाणी नानांच्या हौदावरून भरून आणलेले होते, आणि सरांना ते कळले असावे. तांब्या हातात धरून ते बराच वेळ तसेच बसून राहिले, मग प्याले.

हा कागद कोणता, ते सांगायला हवे. आदल्या वर्षी नानांनी आपल्या बागेच्या कडेला, वस्तीच्या अंगाला, बोअर घ्यायचे ठरवले होते. आजूबाजूच्या विहिरींचे पाणी ओढले जाईल अशी शंका गावात काहींनी काढली. नाना म्हणाले, माझा भाऊ गणिताचा प्राध्यापक आहे, त्यालाच विचारू. नानांनी स्वतःची शाळा अर्धवट सोडून सरांना शिकवले होते, आणि भावाचे शिक्षण गावाच्या उपयोगी पडते आहे याचा त्यांना अभिमान होता. सरांनी सुटीत शिवाराचा नकाशा चौकटीच्या कागदावर उतरवला. जमिनीखालचे पाणी कुठे किती उतरेल हे काढायचे तर शिवारावर असे चौकटींचे जाळे टाकतात. जाळ्याच्या प्रत्येक गाठीवरची पातळी शेजारच्या चार गाठींशी ताडून पाहायची, दुरुस्त करायची, आणि आकडे हलायचे थांबेपर्यंत हेच करत राहायचे. सगळे हाताने करायचे काम, म्हणून सरांनी चौकटी मोठ्या घेतल्या. उत्तर आले ते त्यांनी चावडीवर सगळ्यांसमोर वाचून दाखवले. या बोअरमुळे कोणाच्याही विहिरीला धोका नाही, असे ते उत्तर होते.

बेरीज-वजाबाकीत कुठेही चूक नव्हती. पण नानांचा बोअर आणि आमची विहीर एकाच चौकटीच्या पोटात पडली होती. बोअरजवळ पाण्याची पातळी खड्ड्यासारखी खोल जाते. चौकट मोठी असली की तो खड्डा साऱ्या चौकटीभर पसरतो आणि इतका उथळ दिसतो की नसल्यातच जमा. गावातल्या मोठ्या विहिरी सरांनी गाठींवर मांडल्या होत्या. आमची लहान विहीर दोन रेघांच्या मध्ये राहून गेली. बोअर झाला, आणि पुढचा उन्हाळा अर्ध्यावर यायच्या आत विहिरीचा तळ दिसू लागला.

ती विहीर वस्तीने स्वतः खोदलेली होती. धम्मदीक्षेनंतरच्या वर्षांत माझे आजोबा आणि त्यांच्या बरोबरीची माणसे दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबून यायची आणि मग इथे कुदळ धरायची. त्याआधी पाणी मिळायचे ते कोणी वरून ओतले तर. विहिरीला पहिले पाणी लागले त्या दिवशी आजोबा त्यात कपड्यांसकट उतरले होते, असे माय सांगते. आता ती आटली आणि वस्तीतल्या बाया नानांच्या हौदावर, वीज येईल तेव्हा, हंडे घेऊन जाऊ लागल्या. नानांच्या घरच्यांनी कधी वावगा शब्द काढला नाही, हे मी मुद्दाम लिहिते. पण पाण्यासाठी पुन्हा दुसऱ्याच्या दाराशी उभे राहणे आमच्या म्हाताऱ्यांच्या जिवाला फार लागले. माझी आजी शेवटपर्यंत त्या हौदावर गेली नाही.

सर त्याच संध्याकाळी नानांकडे गेले. बाबा तेव्हा गोठ्यात वैरण टाकत होते, म्हणून तिथले बोलणे आम्हांला कळले. तुमच्या बोअरने वस्तीची विहीर आटवली, तो बंद करा आणि बागेच्या दुसऱ्या टोकाला नवा घ्या, असे सर म्हणाले. नानांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "गाव मले पानीचोर म्हनते, पल्हाद. चावडीवर वाचलं व्हतं कोनं? मी का तू?" सर म्हणाले की मी बिनचूक गणित करून आणतो, मग तर बंद कराल? नाना उठून आत गेले. त्या दिवसानंतर दोघा भावांचे बोलणे थांबले. सर गावात यायचे ते थेट वस्तीत यायचे आणि विहिरीत दगड सोडून परत जायचे. भावाच्या दारावरून जाताना ते मान खाली घालायचे, हे मी पाहिले आहे.

विहीर परत भरावी, यापलीकडे सरांना पुढची कितीतरी वर्षे दुसरे काही सुचले नाही. त्यांचे संशोधन म्हणून आज ज्याचा गौरव होतो आहे, ते सगळे या एका गोष्टीसाठी होते. नानांनी पहिल्या गणितावर विश्वास ठेवून बोअर घेतला, तर दुसऱ्या, बरोबर गणितावर विश्वास ठेवून ते तो बंदही करतील, अशी सरांची खात्री होती. त्यासाठी आधी ते बरोबर गणित हातात हवे होते.

दोन वर्षांनी मी पदवी घेतली, तेव्हा सरांनी बाबांना निरोप पाठवला की मुलीला जळगावला पुढे शिकू द्या. नानांच्या बागेत काम करणाऱ्या बाबांना हा निरोप स्वीकारणे सोपे नव्हते. पण नानांनीच त्यांना विचारले म्हणे, पोरगी कधी चालली जळगावला? माझ्या वसतिगृहाच्या पहिल्या महिन्यात सरांच्या घरून काकूंनी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी आणि लोणचे पाठवले, आणि तो डबा मग माझे शिक्षण संपेपर्यंत बंद झाला नाही. डबा द्यायला सर स्वतः यायचे. एकदा डब्याऐवजी त्यांनी माझ्या हातात खडूंची पेटी ठेवली आणि डबा वर्गात नेला. ही गोष्ट त्या काळच्या विद्यार्थ्यांमध्ये अजून सांगितली जाते, म्हणून इथे नोंदवण्यास हरकत नाही.

सरांच्या विसराळूपणाच्या अशा कथा पुष्कळ आहेत. फैजपूरला जायला निघालेले सर जामनेरच्या गाडीत बसले होते आणि तिकिटाच्या मागे गणित करता करता जामनेरच्या स्टँडवर उतरले होते. पण विहिरीच्या बाबतीत ते काहीही विसरत नसत. कोणत्या महिन्यात दगड किती खोल गेला, हे त्यांना झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येई.

आमच्या महाविद्यालयात पहिला संगणक आला तेव्हा त्याला स्वतंत्र खोली मिळाली, जाड पडदे मिळाले आणि दाराशी चपला काढण्याची पाटी लागली. तेवढा मान आम्हा विद्यार्थ्यांना कधी मिळाला नव्हता. खोली थंड राहावी म्हणून कूलर बसवला होता आणि जळगावच्या मे महिन्यात तो बादल्याच्या बादल्या पाणी पीत असे. ते पाणी सर शिपायाला आणू देत नसत. स्वतः हातपंपावरून बादली भरून जिना चढत. पाण्याचा हिशेब करायला एवढे पाणी लागते याची त्यांना मनापासून लाज वाटे, आणि ती लाज ते असे दम लागेपर्यंत बादल्या वाहून भागवत.

त्या खोलीत सरांनी जी पद्धत बसवली, ती मी एकदा मायला समजावून सांगितली होती. तीच भाषा इथे वापरते. माय वस्तीतल्या बायांची पोलकी शिवायची. मी तिला म्हटले, तू गळ्याला आणि बाहीच्या मुंढ्याला बारीक टाके घालतेस आणि सरळ शिवणीला लांब धावदोरा टाकतेस, तसे सर शिवारावर जाळे टाकतात. जिथे पाणी एकदम उतरते तिथे एका चौकटीच्या चार करायच्या, त्यातल्या एकीच्या पुन्हा चार. जिथे पाणी सपाट आहे तिथे मोठी चौकट पुरते. शिवाय हे एकदा ठरवून चालत नाही. बोअर सुरू झाला, बंद झाला, दुसरीकडे नवा पडला की पाण्याचा उतार सरकतो, आणि मग जाळ्यानेही त्याच्या मागे जायचे असते. कुठे बारीक व्हायचे हे माणसाने आपल्या सोयीने सांगायचे नाही. प्रत्येक पायरीवर चूक कुठे जास्त पडते आहे ते गणितच मोजते आणि तिथली चौकट फोडते.

जगात असे काम आणखीही लोक करत होते आणि आमच्याकडे त्यांचे लेख उशिरा का होईना, येत. सरांनी त्यात स्वतःची भर घातली ती दोन ठिकाणी. पहिली अशी की, एकदा बारीक केलेली चौकट ते लगेच पुन्हा मोठी होऊ देत नसत. उतार सरकला तरी काही काळ तिथे बारीक नजर ठेवायची, मगच सोडायची. त्यामुळे उत्तर डळमळायचे थांबले. दुसरीला फार वेळ लागला. मोठी चौकट जिथे लहान चौकटींना भिडते, तिथे आमच्या गणितात पाणी हरवत होते. मोठीतून जितके निघे तितके लहानींत पोचत नसे. तूट इतकी थोडी होती की कोणाच्या लक्षातही आली नसती. मी एकदा सुचवले की एवढ्यावर लेख पाठवून द्यावा. सर रागावले नाहीत. त्यांनी मला विचारले की ते हरवलेले पाणी कोणाच्या वाट्याचे होते, सांगशील? पुढचे वर्षभर आम्ही फक्त त्या सीमारेषेवर काम केले आणि शेवटी मोठीतून निघालेला थेंब न थेंब लहानींत पोचू लागला. त्या दिवशी सरांनी सगळ्या शिपायांना आणि विद्यार्थ्यांना चहा पाजला. स्वतःचा कप मात्र टेबलावर थंड होऊन गेला, तो ते नेहमीच विसरत.

याच सुमारास धुळ्याच्या एका महाविद्यालयात माझी नेमणूक झाली. मुलाखतीच्या दिवशी सर माझ्याबरोबर एस.टी.ने धुळ्याला आले. त्यांचे तिथे कुणाकडे तरी काम होते, असे त्यांनी सांगितले. मुलाखत संपवून मी बाहेर आले तेव्हा ते आवारातल्या बाकावर बसलेले होते, सकाळी सोडले होते तिथेच. तुमचे काम झाले का, असे मी विचारले. "आता झाले," सर म्हणाले आणि स्टँडकडे चालू लागले.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बरोबर गणित हातात आले. आमची विहीर या वेळी जाळ्याच्या सर्वांत बारीक गाठीवर होती. उत्तर स्पष्ट होते. नानांचा बोअर बंद झाला आणि पावसाळे बरे गेले, तर तीन-चार वर्षांत विहिरीला पाणी यायला हवे. सर मला घेऊन गावी गेले. इतक्या वर्षांत ते प्रथमच भावाच्या घराची पायरी चढत होते. नाना आजारी होते, ओट्यावर खाटेवर पडून होते. वहिनींनी सरांना पाहून पदर डोळ्यांना लावला. सरांनी छापील कागदांची गुंडाळी खाटेवर उलगडली, कुठे काय ते बोटाने दाखवत बोलू लागले. नाना कागदाकडे बघतच नव्हते. ते भावाच्या केसांकडे बघत होते, ते एव्हाना पांढरे झाले होते.

सरांचे बोलून झाल्यावर नाना म्हणाले, "कागद कायले आनला, पल्हाद? माही बोअर मी कवाच बंद केली असती. तू चावडीवर जाऊन एकदा म्हनला असता, नानाचं नाही, माहं चुकलं. मी तेवढीच वाट पाह्यली."

सर खाली बसले. खाटेच्या पायाशी, जमिनीवरच. मला तिथे उभे राहवेना म्हणून मी आत वहिनींकडे गेले. सरांची बुद्धी मी जवळून पाहिली होती. तिला हे एवढे कसे दिसले नाही, याचे मला तेव्हा आश्चर्य वाटले, आता वाटत नाही. वस्तीत येऊन माझ्या मायसमोर ते पहिल्याच दिवशी चूक कबूल करून गेले होते. पण ज्या चावडीवर नानांची मान ताठ झाली होती आणि जिथे ती पुढे खाली गेली, तिथे जायचे त्यांना सुचले नाही. बरोबर उत्तर आणले की मागची चूक आपोआप पुसली जाईल, असे गणित शिकवणाऱ्या आम्हा सगळ्यांनाच वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी चावडीवर माणसे बोलावली. वस्तीतलीही बोलावली. नानांना खाटेसकट उचलून आणले. सर उभे राहिले आणि म्हणाले, याच जागी मी सांगितले होते की कोणाच्या विहिरीला धोका नाही. ते खोटे ठरले. नानांनी माझ्या शब्दावर बोअर घेतला. वस्तीची विहीर माझ्यामुळे गेली, नानांमुळे नाही. वर्गात तासन् तास बोलणारे सर चार वाक्यांत थांबले. मग नानांनीच हात वर केला.

"बस आता," नाना म्हणाले. "चाल, जेवाले चाल."

बोअर त्याच दिवशी बंद झाला. त्याच्या पाण्यावरची केळी नानांनी काढून टाकली आणि तिथे ज्वारी पेरली. नाना त्यानंतर वर्षभर होते. सर दर रविवारी गावी जायचे आणि दोघे भाऊ ओट्यावर बसायचे. पुढच्या वर्षी नाना गेले. तिरडी उचलताना सरांनी बाबांना बोलावून आपल्या शेजारी खांदा द्यायला लावला.

आणि विहीर भरली नाही. हे मला लिहावेसे वाटत नाही, पण सरांनी काही वगळू नकोस म्हणून सांगितले आहे. आमचे गणित चालू होते त्या वर्षांत साऱ्या शिवारात नवे बोअर पडत गेले होते, एकाहून एक खोल. आमच्या नकाशात ते नव्हते, कारण नकाशा आम्ही सुरुवातीला केलेला होता. सरांनी सगळे बोअर पायी फिरून मोजले, नव्याने मांडले आणि पुन्हा गणित केले. जमिनीखालचे पाणी सगळीकडेच इतके खाली गेले होते की नानांचा एक बोअर सुरू असला काय आणि बंद असला काय, आमच्या विहिरीला फरक पडणार नव्हता. चावडीवरचे ते चार शब्द पहिल्याच उन्हाळ्यात बोलले गेले असते, तर पडला असता. हे वस्तीत येऊन सरांनीच सांगितले. परतताना एस.टी.त ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. "सुनंदा, मी इतकी वर्षे चौकटी लहान करत बसलो," ते म्हणाले.

पण सर तिथे थांबले नाहीत, आणि माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण या पुढच्या वर्षांत आहे. धुळ्याला मी आणि माझे विद्यार्थी पाण्याच्या कामासाठी खेडोपाडी जाऊ लागलो, तेव्हा सर दर शनिवारी जळगावहून यायचे. सोनगीरजवळच्या एका गावात असेच नवे बोअर घ्यायचे चालले होते. सरांनी विद्यार्थ्यांना कागद काढूच दिला नाही. आधी गावात फिरा, सर्वांत लहान विहीर कोणाची ते शोधा, ती मांडा, मग बाकीचे जाळे टाका, असा त्यांचा नियम. आज आमच्याकडे शिकलेला प्रत्येक विद्यार्थी याच क्रमाने काम करतो, आणि पुष्कळांना तो क्रम कुठून आला हे माहीत नाही. त्या गावच्या सभेत सरांनी बोलायला सुरुवात केली तीच मुळी आपल्या जुन्या चुकीपासून. माझ्या गणिताने एका वस्तीचे पाणी गेले आहे, म्हणून मी सांगतो ते तपासून घ्या, असे ते म्हणाले. मागे बसलेले एक आबा शेजाऱ्याला अहिराणीत म्हणाले, "हाऊ मानूस खरा शे. बठ्ठास्ना समोर सोतानी चूक सांगस." त्या गावाने दोन बोअरची जागा बदलली. तिथली लहान विहीर अजून पाण्यावर आहे.

आमच्या विहिरीवर सर दरवर्षी येतात. पावसाळा संपला की एखाद्या रविवारी फैजपूरला उतरायचे, तिथून पायी गावात. वस्तीत आता नळ आला आहे, त्यामुळे विहिरीची कोणाला गरज उरली नाही, आणि विहीर बुजवून टाकावी असेही मधूनमधून निघते. माय बुजवू देत नाही. विहीर आटल्यावर बाकीच्यांनी पोहऱ्याचे दोर काढून गुरांना बांधायला घेतले. मायने आपला दोर गुंडाळून घरात आढ्याला टांगून ठेवला आहे. सर आले की ती तो काढून देते. सर त्याला दगड बांधून आत सोडतात आणि कान देतात. बद्द आवाज येतो. मग दोघे सावलीत बसून चहा पितात. आमच्या घरचा चहा सर कधी थंड होऊ देत नाहीत.

गेल्या खेपेला सरांना जिना चढताना धाप लागते हे मायच्या कानावर गेले होते. तिने मला बजावले, "त्याईले सांग, तब्येत संभाळा म्हना. मी दोर जपून ठेवला हाये, तो कोनासाठी?"

सरांच्या शिष्यांच्या, सहकाऱ्यांच्या आणि आमच्या वस्तीच्या वतीने माझे मागणे त्याच दोराला धरून आहे. सरांना निरोगी आणि दीर्घ आयुष्य लाभो. ते इतके दीर्घ असो, की एखाद्या पावसाळ्यानंतरच्या रविवारी मायच्या दोराला बांधलेला दगड पाण्यात पडल्याचा आवाज सरांना स्वतःच्या कानांनी ऐकू यावा.